पाच झाडं तोडायचं ठरवून घर घेऊ नका

प्रश्न : आम्ही दोघं फोंड्याला फ्लॅटमध्ये राहतो, दोघंही शिक्षक. पुढच्या वर्षी हे निवृत्त होतील. केरी-सत्तरी भागात एक जुनं चिऱ्याचं कौलारू घर विकायला आहे. जागा 2,400 चौरस मीटर, चढावर, सगळी झाडीच : फणस, आंबे, काजू, उंच माट्टी आणि वरच्या अंगाला आकेशिया. मला बघताक्षणी आवडलं. घरात अंधार आहे, म्हणून पाचेक झाडं तोडून मागे दोन खोल्या वाढवाव्यात असं यांचं म्हणणं. मागच्या कोपऱ्यात एका खोलीत एक म्हातारी राहते. ‘ती जाईल नंतर’ असं मालक सांगतात. मालक तिघे भाऊ, एक पोर्तुगालला. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, दमेकरी. त्या ‘रानात नको’ म्हणतात. मे संपायच्या आत आगाऊ रक्कम द्यायची आहे. घ्यावं का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातल्या ‘पाचेक झाडं तोडून’ या शब्दांवर मी अडलो. एकही झाड न तोडता, एकही खोली न वाढवता, आज उभं आहे तसंच हे घर तुम्हा दोघांना चालेल का? चालणार असेल तर पुढचं वाचा. चालणार नसेल तर किंमत कितीही उतरली तरी घेऊ नका.

गोव्यात स्वतःच्या भाटातलं, म्हणजे बागायतीतलं, झाडसुद्धा मर्जीने तोडता येत नाही. 1984 चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. वनखात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, पाहणी होते, लेखी परवानगी मिळाली तरच कुऱ्हाड लावायची, आणि बदल्यात नवी झाडं लावायची. 2016 साली माडाला या कायद्यातून वगळलं तेव्हा गोवाभर केवढा गहजब झाला होता! पुढच्याच वर्षी माड परत कायद्यात आला. उजेड हवा म्हणून पाच झाडं, या कारणावर परवानगी गृहीत धरू नका.

त्याहून मोठी अडचण खासगी वनाची. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर 1996 च्या, जंगलांविषयीच्या गोदावर्मन खटल्यातल्या निकालानंतर मालकी खासगी असली तरी जंगल ते जंगलच, असं ठरलं. गोव्यात त्यासाठी तीन कसोट्या लावतात : 75 टक्के झाडं रानातल्या जातींची, झाडोऱ्याची घनता 0.4 किंवा जास्त, आणि क्षेत्र सरकारी जंगलाला लागून किंवा सुटं असेल तर किमान 5 हेक्टर. आपली जागा पाव हेक्टरच आहे म्हणून निर्धास्त राहू नका. कुंपण तुमचं असतं, रान शेजारच्यांचं धरून सलग मोजतात. फणस-काजू लावलेले, पण माट्टी रानातली. सावंत आणि कारापूरकर समित्यांनी खासगी वनं शोधली होती, पुढेही पाहण्या झाल्या. तुमचा सर्व्हे क्रमांक त्यांत आहे का, हे वनखात्याकडून लेखी घ्या. तोंडी ‘नाही हो’वर भागवू नका.

मग झोन. जुनं घर उभं आहे, घरपट्टीची पावती आहे, म्हणून जागा सेटलमेंट म्हणजे वस्तीच्या झोनमध्येच असते असं नाही. आजूबाजूचं भाट ऑर्चर्ड म्हणजे बागायतीच्या झोनमध्ये असू शकतं, चढ 25 टक्क्यांवर असेल तर ‘बांधकामास मनाई असलेला उतार’ म्हणूनही नोंद असेल. नगरनियोजन खात्याचा झोनिंग दाखला काढा. मागच्या दोन खोल्यांसाठी चढ कापावा लागणार असेल तर त्याला नगरनियोजन कायद्याच्या कलम 17-अ खाली वेगळी परवानगी. एजंट म्हणेल, झोन नंतर बदलून मिळतो. त्यावर विसंबू नका. त्याच कायद्याच्या कलम 17(2) खाली झोन बदलण्याचे नियमच मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द ठरवले.

आता त्या म्हाताऱ्या बाईंबद्दल. माझी सगळी नोकरी भूमापनात गेली. ‘ती जाईल नंतर’ हे वाक्य मी भाटकारांच्या, म्हणजे जमीनमालकांच्या, तोंडून फार ऐकलंय आणि प्रत्येक वेळी मला राग आला. त्या मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या, असतील तर 1975 च्या कायद्याने त्यांना कोणी मर्जीने काढू शकत नाही. मालक बदलला म्हणून हक्क जात नाही. घर आणि भोवतालची जमीन विकत घेण्याचाही त्यांना हक्क आहे. पंचायत हद्दीत कायद्यातला आकडा 300 चौरस मीटरचा. म्हणजे तुमच्या 2,400 मधून तेवढी जागा त्यांची धरूनच हिशेब करा. त्या मुंडकार की नुसत्या राखणदार, हे मालकाने ठरवायचं नाही, मामलेदाराने. एक-चौदाच्या उताऱ्यावर कूळ म्हणून कोणाचं नाव आहे का, तेही पाहा. काजूचं भाट कोणी कसत असेल तर तो प्रश्न निराळा. आणि मालकाला न सांगता एकदा त्या बाईंकडे जाऊन बसा. मे महिन्यात बावीला पाणी किती उरतं, पावसात कुठून लोंढा येतो, झाड कधी पडलं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसेल. त्यांना शेजारीण म्हणून ठेवायची तयारी नसेल तर हे घर तुमचं नव्हे.

कागदांचं थोडक्यात : तिघे भाऊ आणि तिघांच्या बायका, सगळ्यांच्या सह्या हव्यात. आपल्याकडच्या नागरी कायद्याने नवराबायकोची मिळकत सहसा सामाईक असते. वडिलांच्या पश्चात इन्व्हेंतार, म्हणजे वारसांतली मिळकतीची रीतसर वाटणी, झालीय का ते विचारा. पोर्तुगालच्या भावाचं मुखत्यारपत्र वकिलाला दाखवा. सत्तरीत मोकासो आणि आल्वाराच्या, म्हणजे जुन्या राजवटींनी दिलेल्या, जमिनींचे घोळ आहेत, म्हणून मालकीचा माग निदान 30 वर्षांचा काढायला सांगा.

घर मात्र स्वतः तपासा. एखाद्या सुताराला घेऊन जा, माळ्यावर चढून भिंतीला टेकलेल्या वाशांच्या टोकांत चाकू खुपसून बघा. सागाचा वासा चाकूला दाद देत नाही, वाळवीने खाल्लेला असेल तर पातं आत जातं आणि भुगा पडतो. जिथे फांद्या कौलांवर टेकतात तिथे पन्हाळीत पाला कुजून पाणी भिंतीत उतरतं. त्या बाजूचे चिरे हाताने चाचपा. घरावर झुकलेल्या झाडाचं बूड पाहा. झुकावाच्या उलट्या बाजूला माती फाटली असेल, बुडाशी भूछत्रं उगवली असतील, तर मुळं सुटतायत. मला जास्त काळजी आकेशियाची. त्याची मुळं वरवरची, लाकूड ठिसूळ, आणि ती झाडं चढावर, म्हणजे पडली तर कौलांवर. फणसाला भिऊ नका. धोक्याचं झाड उतरवायलाही अर्ज लागतोच, पण तिथे कारण खरं असतं. तेवढी झाडं मालकानेच रीतसर परवानगी घेऊन उतरवून द्यावीत, अशी अट घाला.

सासूबाईंचं म्हणणं मी हलकं धरणार नाही. सावलीतल्या कौलारू घरात जून ते सप्टेंबर भिंतींना बुरशी धरते आणि दमेकऱ्याला तीच बाधते. जोराच्या पावसात फांदी तारांवर पडली की वीज जाते, मग नेब्युलायझर चालणार कशावर? इन्व्हर्टर हवाच. इस्पितळ साखळीला किंवा वाळपईला, मोठं दुखणं आलं तर थेट बांबोळीचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय. शिवाय 2015 पासून सत्तरीत माकडताप आहे. गोचिडांतून येतो, काजूच्या हंगामात जास्त. अंगणातला पाला नेमाने काढावा लागेल, भाटात जाताना पूर्ण कपडे घालावे लागतील. माकड मेलेलं दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवायचं. या सगळ्यासकट माणसं तिथे सुखाने राहतात. पण सासूबाईंना रात्री नेब्युलायझर लावावा लागतो का, ते आधी विचारा.

तेव्हा मेमध्ये पैसे देऊ नका. जुलैत, तीन-चार दिवस झड लागलेली असताना सासूबाईंना घेऊन जा आणि मालकाची परवानगी काढून एक रात्र तिथे राहा. तोवर वनखात्याचं पत्र, झोनिंग दाखला आणि मामलेदाराकडची नोंद हाती येऊ द्या. मालक थांबत नसेल तर खुशाल दुसऱ्याला विकू दे. थांबला, तर सर्व्हे प्लॅनची प्रत मला पाठवा. वरच्या अंगाचा चढ किती आहे ते पाहून कळवतो.