संध्याकाळी आकाशात आगीचा गोळा दिसला, तो उल्काच होता का? वाडीकडे कुठे पडला असेल?

तुम्ही लिहिलंय की नागपुरात अमरावती रोडवरून घरी येताना हिरवट गोळा दोन-तीन सेकंद दिसला आणि वाडी उपनगराच्या मागे पडला. उल्काच असावी. वाडीत मात्र शोधायला जाऊ नका.

माझी ओळखायची खूण साधी आहे: कुणाला हाक मारायला वेळ मिळाला का? 2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास मी गच्चीवर गुढी उतरवून ठेवत होतो, तेवढ्यात पश्चिमेकडून पेटत्या ठिपक्यांची रांगच आली. मी ओरडलो, बायको पोळ्या टाकून वर आली, शेजारच्या काकूंनी हातसुद्धा जोडले, तरी ती रांग संथपणे चाललेलीच होती. इतका वेळ उल्का थांबत नाही. ते चिनी रॉकेटचे अवशेष होते, असं नंतर तज्ज्ञांनी सांगितलं. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं भलंमोठं कडं पडलं. कक्षेतून घसरणारा असा कचरा सेकंदाला सात-आठ किलोमीटरने येतो, तोही जवळजवळ आडवा. म्हणून तो मिनिटभरही दिसतो आणि त्याचे तुकडे एकामागोमाग चालतात. उल्कांचा वेग सेकंदाला 11 ते 72 किलोमीटर.

खरा अग्निगोल (शुक्रापेक्षा तेजस्वी उल्केला अग्निगोल म्हणतात) मी एकदाच पाहिला, डिसेंबरात, फुटाळा तलावाच्या काठावर. हिरवा झोत, टोकाला एक फटका, संपलं. सोबतचा मित्र चहाचे पैसे देत होता. त्याला काहीच दिसलं नाही, आणि मी फेकतोय असं तो अजूनही म्हणतो.

आता वाडीचं. अंधारात अंतर कळत नाही, म्हणून इमारतीमागे गेलेलं सगळं तिथेच पडलंसं वाटतं. पण उल्का साधारण 80-100 किलोमीटर उंचीवर पेटते. समजा ती 80 किलोमीटर उंचीवर होती आणि तुम्हाला क्षितिजापासून 20 अंश वर दिसली, तर ती तुमच्यापासून दोनशेहून जास्त किलोमीटर दूर होती. म्हणजे तुम्ही अमरावती रोडवर, आणि ती जवळपास अकोल्याच्या डोक्यावर! बहुतेक तर हवेतच जळून जातात. हिरवा रंग बहुधा मॅग्नेशियम, निकेल यांच्या जळण्याने येतो, त्यात गूढ काही नाही.

आवाज आला होता का, ते मात्र आठवून सांगा. गोळ्यासोबतच नाही, तीन-चार मिनिटांनी, लांब ढग गडगडल्यासारखा. इतक्या उंचीवरून आवाज पोचायला तेवढा वेळ लागतो, आणि तोवर लोक पुन्हा गाडी सुरू करून निघालेले असतात. तसा आला असेल, तर गोळा बराच खाली येऊन फुटला होता आणि बराच जवळही होता. मग अकोल्याचं माझं गणित बाजूला ठेवा. नेमकी वेळ, दिशा आणि कुठल्या इमारतीच्या किती वर दिसला, एवढं आजच वहीत लिहून ठेवा. आठवड्याने ते दोन सेकंद तुमच्याच तोंडून दहा झालेले असतात.