‘फेलून’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: ‘रोलाँचं गीत’ या जुन्या फ्रेंच वीरकाव्यात गानलाँ या सरदाराला ‘फेलून’ म्हटलं आहे. अनुवादात ‘दुष्ट’ लिहावं की ‘खलनायक’?

मला दोन्ही नकोसे वाटतात. ‘खलनायक’ हा नाटक-सिनेमाबद्दल बोलतानाचा शब्द. भर दरबारात कुणी कुणाला ‘अरे खलनायका’ म्हणून ललकारत नाही. ‘दुष्ट’ आणि ‘खळ’ हे शब्द स्वभाव सांगतात. पसायदानात ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ येतं तिथे वाकडेपण मनातलं आहे आणि ते गळून पडावं अशी प्रार्थना आहे. गानलाँचा दोष असा मनाच्या घडणीतला नाही. काव्याचा नायक रोलाँ याचा घात केल्याच्या खटल्यात तो फ्रँकांचा सम्राट शार्लमेन याच्यापुढे उभा राहतो तेव्हा कवी त्याचं भरदार अंग आणि चेहऱ्यावरचं तेज पाहतो आणि म्हणतो, हा एकनिष्ठ असता तर खरा सरदार शोभला असता. सगळं जागेवर आहे, निष्ठा तेवढी नाही.

गानलाँ हा रोलाँचा सावत्र बाप. स्पेनमधल्या सारागोसाला शत्रूकडे वकील म्हणून जाणं जिवावरचं काम, आणि त्यासाठी रोलाँ नेमकं त्याचंच नाव सुचवतो. सम्राट वकिलीची खूण म्हणून हातमोजा पुढे करतो, गानलाँ तो घ्यायला जातो आणि मोजा खाली पडतो. दरबारी चरकतात. पुढे वाटेत शत्रूचा वकील ब्लांकांद्रँ घोड्यावरून त्याच्या शेजारी चालतो. बोलता बोलता दोघे सारागोसाला पोहोचतात तोवर रोलाँला मारायचं ठरलेलं असतं. मग गानलाँला एक जण तलवार देतो, दुसरा शिरस्त्राण, आणि राणी त्याच्या बायकोसाठी दोन रत्नजडित दागिने.

या सगळ्याला मराठीत एकच क्रियापद आहे: फितवणं. ‘फितूर’ मूळचा अरबी, ‘फुतूर’ म्हणजे शैथिल्य. आपल्याकडे ते शैथिल्य निष्ठेला आलं. ‘साक्षीदार फितूर झाला’ हे आपण आजही वाचतो, आणि त्यात फितवणारा कुणीतरी असणार हे न सांगता कळतं. म्हणून काव्यात जिथे ‘त्राइसून’, म्हणजे विश्वासघात, येतो तिथे मी बेधडक ‘फितुरी’ लिहीन. (काव्यामागची खरी घटना अशी: इ.स. ७७८ मध्ये पिरेनीजच्या घाटात शार्लमेनच्या पिछाडीच्या फौजेवर हल्ला केला तो बास्क लोकांनी. चरित्रकार आइनहार्ट कुणा फितुराचं नाव घेत नाही. गानलाँ काव्यातून आला.)

पण ‘फेलून’ला ‘फितूर’ पुरत नाही. हाच शब्द कवी समोरच्या सारासेन, म्हणजे मुस्लिम, फौजेलाही लावतो. त्यांनी शार्लमेनशी निष्ठेची शपथ कधी घेतलीच नव्हती, मग ते फितूर कसे? मी इथे ‘बेइमान’ घेईन, आणि हा शब्द मला फार आवडतो. जुन्या फ्रेंचमधला ‘फेइ’ म्हणजे देवावरची श्रद्धा, आणि मालकाच्या हातात हात देऊन सरदार जी निष्ठा वाहतो तीही. ‘इमान’चंही तसंच: अरबीत धर्मश्रद्धा, मराठीत धन्याशी राखायची निष्ठा. शत्रू पहिल्या अर्थाने बेइमान, गानलाँ दुसऱ्या. ‘नमकहराम’ही सुचतो, पण त्यात मिठाची गोष्ट येते आणि इथे बंध शपथेचा आहे.

हा शब्द घेतला की आणखी एक गाठ सुटते. निघण्यापूर्वी गानलाँ सम्राटासमक्ष रोलाँ आणि त्याच्या सोबत्यांना उद्देशून ‘देस्फी’ म्हणतो. अनुवादात याचं सहज ‘आव्हान देतो’ होतं. पण शब्दाच्या पोटात तोच ‘फेइ’चा धातू आहे, म्हणजे ‘यांच्याशी माझं इमान मी तोडतो’. खटल्यात त्याचा सगळा बचाव यावरच उभा आहे: मी उघड सांगून वैर धरलं, सूड घेतला, पण फितुरी केली नाही. ‘आव्हान’ लिहिलं तर वाचकाला ही निव्वळ पळवाट वाटेल. ‘इमान तोडलं’ लिहिलं तर बचावात दम आहे हे जाणवतं, आणि खटल्यात गानलाँविरुद्ध उभा राहणारा सरदार तिएरी याचं उत्तरही नीट पोहोचतं: रोलाँशी तुझं काहीही असो, तो सम्राटाच्या चाकरीत होता, आणि सम्राटाशी तुझं इमान तुटलेलं नव्हतं.