झाडीपट्टीचं विनोदी नाटक पाहायचं तर कुठे आणि कसं?

तुम्ही विचारलंय, की पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांत विनोदी नाटकं खूप पाहिली, आता झाडीपट्टीतलं, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्यातलं, पाहायचं आहे. पण एवढ्या लांब येण्यात अर्थ आहे का? मी ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका खेड्यातला. लहानपणापासून दर हिवाळ्यात नाटकं पाहतोय. नक्की या, आणि मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवशी एखाद्या खेड्यातच पाहा.

दिवाळी झाली, धान निघालं की गावोगावी मंडई भरते, लेकी-जावई येतात आणि रात्री नाटक असतं. होळीपर्यंत हे चालतं. नाटक कंपन्यांचं ठाणं गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, म्हणजे देसाईगंज. गोंदिया-चांदाफोर्ट मार्गावरचं स्टेशन आहे. कोणत्या रात्री कोणत्या गावात कोणतं नाटक आहे, ते तिथे विचारलं की कळतं.

एक लक्षात ठेवा, निव्वळ विनोदी नाटक मिळेलच असं नाही. कथानक बहुधा घरगुती, रडवणारं असतं. विनोदी नट मधे मधे येतो, पण लोक वाट त्याचीच पाहतात. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे अशाच भूमिका करत मोठे झाले. पाच हजारांच्या वर प्रयोग केलेत त्यांनी. 2023 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा इकडे घरचंच कोणी मोठं झाल्यासारखं वाटलं.

खेड्यातच का, ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या नाटकात विनोदी नट जावई झाला होता. सासऱ्याकडे फटफटी मागत होता. समोर तणशीवर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, बसलेली एक म्हातारी ओरडली, "आधी धान मोज गा बापा!" नट थांबला. स्टेजच्या कडेला येऊन उकिडवा बसला आणि अगदी अदबीनं म्हणाला, "मावशी, घरी कट्टा किती भरला जी?"

"चाळीस!"

"अन् केंद्रावर?"

म्हातारीनं हात उलटा केला. "अडतीस!"

सगळा पेंडाल असा हसला की ऑर्गनवाल्याचे हात थांबले. त्याच आठवड्यात अर्ध्या गावानं आपले कट्टे, म्हणजे धानाची पोती, खरेदी केंद्रावर विकली होती, वजन कमी दाखवणारा तो काटा प्रत्येकाला ठाऊक होता. नटानं घाई केली नाही. खांद्यावरचा दुपट्टा झटकला, पुन्हा नीट घडी केला, हसू ओसरेपर्यंत थांबला आणि मग सासऱ्याकडे वळून म्हणाला, "ऐकलं ना मामाजी? दोन किलो तिथंच गेले, आता फटफटी तरी द्या." यातलं काही वहीत नव्हतं. पडद्याआडून वाक्यं देणारा प्रॉम्प्टर नुसता बघत राहिला होता.

नट दिवे लागायच्या सुमारास गावात आलेला, म्हातारीला त्यानं कधी पाहिलेलंही नव्हतं. तरी कुठे थांबायचं आणि कुठे बोलायचं, हे त्याला अचूक कळलं. ही मोठी विद्या आहे. शहरात अंधारात गप्प बसलेल्या प्रेक्षकांपुढे ती अशी दिसत नाही.

म्हणून खुर्चीचं तिकीट असलं तरी पुढे जमिनीवर बसायला मिळालं तर बसा. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं, मधे लावणी होते. अर्ध्यात उठू नका. तीनच्या पुढे थंडी झोंबते, जाड शाल आणा. मंडईच्या दिवशी गावात कोणी जेवायला बोलावलं तर नाही म्हणू नका, पाहुण्याला उपाशी नाटकाला धाडत नाहीत आमच्याकडे.