अल्पपरिचित चित्रकाराच्या तैलचित्राचे मोल

प्रश्न : तांब्याची कळशी आणि मानकुराद आंबे यांचे एक तैलचित्र आम्ही २०११ साली एका अल्पपरिचित गोमंतकीय चित्रकाराकडून घेतले. त्याची आजची किंमत कशी ठरवावी? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : ज्यांच्या चित्रांचा कधी जाहीर लिलाव झालेला नाही, अशा चित्रकाराच्या बाबतीत नामवंतांच्या लिलावांतील आकडे उपयोगाचे नसतात; त्यांचीच त्या आकाराची तैलचित्रे सध्या कोणत्या दराने विकली जातात, हाच खरा आधार होय. चित्रकार हयात असतील, तर त्यांच्याकडून शीर्षक, वर्ष आणि मापे नमूद केलेले स्वाक्षरीचे प्रमाणपत्र घ्यावे आणि मूळ पावती त्याला जोडून ठेवावी. विम्यासाठीची किंमत म्हणजे तसेच चित्र आज नव्याने घेण्याचा खर्च. विक्रीतून हाती येणारी रक्कम बहुधा तिच्यापेक्षा बरीच कमी असते.

चित्राची अवस्था मात्र बारकाईने पाहावी. गोव्याच्या पावसाळी दमटपणात कॅनव्हासच्या मागच्या बाजूस बुरशी धरते, कापड सैलावते आणि पुढे रंगाच्या थराला तडे जाऊ शकतात. म्हणून चित्र ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नये आणि ओल्या फडक्याने कधीही पुसू नये. कळशीवरची चमक आणि आंब्यांच्या सावल्यांतील रंग यांत चित्रकाराचा स्वतःचा हात दिसत असेल, तर बाजार काहीही म्हणो, मी त्याला नावापेक्षा अधिक मान देईन.

चित्र पुढे विकल्यास, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पुनर्विक्रीची किंमत १०,००० रुपयांहून अधिक असेल तेव्हा चित्रकाराला तिच्यात वाटा मागता येतो, आणि तो १० टक्क्यांपेक्षा जास्त असत नाही.