आजींना आणि नातवंडांना घेऊन इमॅजिकाला जाताना

सत्तरीच्या सासूबाई, तेरा वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी यांना घेऊन खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जायचे आहे, तर सर्वांचाच दिवस चांगला कसा जाईल, असे तुम्ही विचारले आहे. हे उद्यान 2013 मध्ये सुरू झाल्यापासून मी तेथे तीनदा सहकुटुंब जाऊन आलो आहे. पहिल्या खेपेस आम्ही सातही जण दिवसभर एकमेकांना धरून राहिलो आणि प्रत्येकाचा निम्मा वेळ दुसऱ्याची वाट पाहण्यात गेला. म्हणून सकाळी सरळ दोन तुकड्या करा आणि जेवायला भेटण्याची जागा व वेळ आधीच ठरवून ठेवा.

मुलाने आणि त्याच्या बाबांनी आत शिरताच, रांग वाढण्यापूर्वी, नायट्रो गाठावी. या रोलर कोस्टरच्या आसनांखाली फरशीच नसते आणि ती माणसाला पाच वेळा उलटे करते, त्यामुळे पोटभर नाश्ता त्यानंतरच केलेला बरा. उतारावरचा हिसका हवा असेल तर मागची रांग घ्यावी, कारण पुढचे डबे उतरू लागले की मागच्यांना ते खेचूनच नेतात.

मुलीची उंची मात्र घरीच भिंतीशी उभे करून मोजा आणि तिला कोणत्या राइडमध्ये बसता येणार नाही, हे निघण्यापूर्वीच सांगून टाका. आमचा भाचा एका ठिकाणी दोन बोटांनी कमी पडला. बुटातल्या बुटात टाचा उचलून त्याने पट्टी गाठली, पण तेथील ताईंनी हसत त्याचे खांदे खाली दाबले, आणि मग जे रडणे सुरू झाले ते आइस्क्रीमनेही थांबेना. ही अट धीटपणाची नसून अंगावर येणारा दांडा शरीराला नीट बसण्यासाठी असते, हे आदल्या रात्री समजावले असते तर तो प्रसंग टळला असता.

सर्वांनी मिळून पाहण्यासाठी ‘आय फॉर इंडिया’ राखून ठेवा. भल्यामोठ्या पडद्यासमोर आसने उचलली जातात, पाय अधांतरी लोंबकळतात आणि आपण देशावरून उडत चाललो आहोत असे वाटते. माझ्या आईने आत माझे मनगट सोडले नाही, पण बाहेर येताच ‘परत बसू या का?’ असे तिनेच विचारले. सासूबाईंना हृदयाचा किंवा पाठीचा त्रास असल्यास मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

दिवस शक्यतो आठवड्याच्या मधला निवडा, परंतु डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहलींच्या बसगाड्या तेव्हाच येतात, हेही ध्यानात असू द्या. त्याच रस्त्याने पुढे पाली असल्यामुळे ‘जाता जाता बल्लाळेश्वराचे दर्शनही उरकू’ असे घरातले कोणीतरी म्हणेलच. त्यासाठी खोपोलीला एक मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी जावे; दिवसभर चालून सुजलेल्या पायांनी सासूबाईंना देवळाच्या रांगेत उभे करू नये.