विहीर आधी, बाग नंतर

प्रश्न : आमचा मुलगा नोकरीनिमित्त हाँगकाँगला असतो आणि येत्या नोव्हेंबरात आम्ही उभयता त्याच्याकडे जाणार आहोत. पिंग शान गावातील जुनी विहीर आणि डायमंड हिल येथील नान लिअन हे पारंपरिक चिनी उद्यान पाहावे, असे मनात आहे. मुलाचे म्हणणे असे की, विहिरीत पाहण्यासारखे काही नाही, तो वेळही बागेलाच द्यावा. पत्नीला गुडघ्यांचा त्रास आहे. दोन्ही ठिकाणे एका दिवसात होतील का, आणि विहीर खरोखर वगळावी का?
– एक निवृत्त शिक्षक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : विहीर वगळू नका, दिवसाची सुरुवातच तिथून करा. मेट्रोची त्युएन मा मार्गिका २०२१ साली पूर्ण झाल्यापासून ही दोन्ही स्थळे एकाच मार्गावर आली आहेत. तिन शुई वाई स्थानकावर उतरले की पिंग शानची वारसा-वाट अक्षरशः समोरून सुरू होते आणि तिथून परत गाडीत बसले की कोठेही न बदलता साधारण पाऊण तासात डायमंड हिलला पोहोचता येते. नोव्हेंबरात तिकडची हवा कोरडी आणि सुखद असते. नागपूरच्या माणसाला ऊन नवे नसले तरी तेथील उन्हाळ्यातील दमटपणा थकवतो, त्यामुळे आपण निवडलेला महिना उत्तम आहे.

आता विहिरीविषयी. चिरंजीवांचे म्हणणे एका अर्थाने बरोबर आहे. आपल्याकडील बारवांसारखे पायऱ्यांचे टप्पे, कमानी, कोनाडे तिथे नाहीत. ती गावाच्या वापरातली साधी विहीर आहे. ती नेमकी कोणत्या वर्षी बांधली याची नोंद नाही, पण हांग ताऊ त्सुएन या वस्तीतील लोकांनी ती २०० हून अधिक वर्षांपूर्वी बांधली, असे गावकरी सांगतात. हांग ताऊ त्सुएन आणि शेजारची तटबंदीची शेउंग च्युंग वाई या दोन वस्त्यांना पिण्याच्या पाण्याचा हा एकमेव आधार होता, आणि माझ्या मते तिचे सारे महत्त्व या एका वाक्यात आहे. शेउंग च्युंग वाई वसवणारे लोक हांग ताऊ त्सुएनमधल्याच तांग कुळाच्या एका शाखेचे. त्यांनी वेगळी वस्ती केली, तिच्याभोवती भिंत उभी केली, पण पाणी भरायला त्या भिंतीबाहेर, भाऊबंदांच्याच विहिरीवर यावे लागे. म्हणून विहिरीजवळ उभे राहिल्यावर आत डोकावून लगेच पुढे निघू नका. आधी पाठ फिरवून दोन्ही वस्त्यांकडे पाहा आणि भरलेल्या बादल्या घेऊन प्रत्येक घराला किती चालावे लागत असेल, याचा अंदाज घ्या. जुन्या विहिरींच्या काठावर दोर घासून चरे पडतात, हे महाल किंवा इतवारीतील जुन्या वाड्यांत ज्यांनी पाहिले असेल त्यांनी इथेही काठाचा दगड निरखून पाहावा. कोणत्या बाजूने जास्त पाणी ओढले जाई, हे अशाच खुणांवरून कळते.

विहिरीच्या अलीकडे-पलीकडे जे आहे तेही तिच्याशी जोडूनच पाहावे. वाटेच्या तोंडाशी असलेला त्सुई सिंग लाऊ हा तीन मजली, षटकोनी, विटांचा मनोरा हाँगकाँगमधील एकमेव प्राचीन पॅगोडा आहे. तो ६०० हून अधिक वर्षांपूर्वीचा मानला जातो आणि मुळात सात मजल्यांचा होता, असे सांगतात. उत्तरेकडून येणारे अरिष्ट टळावे, पुराला अटकाव व्हावा आणि कुळातील मुले राजदरबारच्या परीक्षांत उत्तीर्ण व्हावीत, या भावनेने तो उभारला गेला. त्यानंतर भूमिदेवतेचे उघड्यावरचे ठाणे, मग तटबंदीची वस्ती, मग विहीर आणि पुढे तांग कुळाचे पूर्वजमंदिर लागते. मंदिराला तीन दालने आणि मधे दोन चौक आहेत. चौकातील प्रकाश एका दालनातून दुसऱ्यात कसा झिरपतो ते अवश्य पाहावे. पूर, पाणी, परीक्षा आणि पूर्वज या चार काळज्यांभोवती हे गाव उभे राहिले, हे तासा-दीड तासाच्या सपाट चालण्यात कळते, आणि म्हणूनच विहीर एकटी नव्हे, तर या क्रमात पाहावी. वहिनींच्या गुडघ्यांना ही वाट जड जाऊ नये; मात्र पूर्वजमंदिराचे उंच उंबरठे सावकाश ओलांडावेत.

उद्यानात दुपार टळल्यावर जावे. ते सकाळी ७ ते रात्री ९ खुले असते आणि प्रवेश विनामूल्य आहे. साडेतीन हेक्टरांच्या या बागेत फिरण्याची वाट एकाच दिशेची आखलेली आहे, त्यामुळे पत्नीला एखाद्या ठिकाणी बसायचे असेल तर तिथेच पुरेसे बसून घ्यावे. चिनी बागेत सारे दृश्य एकदम समोर मांडत नाहीत. वाट मुद्दाम वळवलेली असते, झाडे किंवा खडक नजर अडवतात, आणि वळण संपताच तळे, पूल किंवा मंडप अचानक सामोरा येतो. नान लिअनमध्ये तळ्याच्या मधोमध असलेला सोनेरी अष्टकोनी मंडप आणि त्याला जोडणारे लाल पूल असेच भेटतात. मंडपात प्रवेश नाही. तो काठावरूनच पाहायचा.

प्रश्न : नान लिअन उद्यान २००६ साली खुले झाले, असे वाचले. मग त्याला पारंपरिक म्हणणे कितपत योग्य? नवे बांधून जुने म्हणून दाखवणे ही पर्यटकांची दिशाभूल नाही का?
– एक वास्तुकला विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : प्रश्न रास्त आहे, पण उद्यानाने आपले वय लपवलेले नाही. चीनच्या थांग राजवटीतील (सातवे ते दहावे शतक) बागेची रचना आज जिच्यात शोधता येते अशी शांशी प्रांतातील जियांगशोउजू ही बाग या उद्यानाचा आधार आहे. शेजारचा ची लिन मठ १९३४ साली स्थापन झाला आणि १९९० च्या दशकात थांग शैलीत नव्याने बांधला गेला. तिथे लाकूड लाकडात गुंतवून सांधले आहे, खिळे वापरलेले नाहीत. तुम्ही वास्तुकला शिकता, तेव्हा छपराच्या वळचणीखाली उभे राहून वर पाहा. खांबाच्या डोक्यावर आडवे-उभे ठोकळे एकमेकांत बसवत, प्रत्येक थर थोडा पुढे काढत, छपराचा भार खांबावर कसा उतरवला आहे, ते स्वच्छ दिसते. हे कौशल्य पुस्तकातील आकृतीपुरते न राहता आजच्या सुतारांच्या हातांनी प्रत्यक्षात उतरले, आणि मला परंपरेचा अर्थ यात अधिक दिसतो. लाकूड कुजते, छपरे पुन्हा बांधावी लागतात. तेव्हा जुनेपण लाकडाच्या वयापेक्षा बांधण्याच्या रीतीत शोधणे योग्य ठरेल. झाडांच्या फांद्यांमागे डोकावणाऱ्या उंच इमारतींचा अनेकांना राग येतो, मला येत नाही. बागेबाहेरचा डोंगर वा मनोरा दृश्यात सामावून घेणे ही चिनी उद्यानकलेची जुनीच युक्ती आहे. या शहराकडे सामावून घ्यायला इमारती आहेत.

खरोखर जुने अवशेष पाहण्याची ओढ असेल तर डायमंड हिलच्या दोन स्थानके आधी सुंग वाँग तोई येथे उतरा. या स्थानकाच्या खोदकामात सुंग आणि त्यानंतरच्या युआन (मंगोल) या चिनी राजवटींच्या काळातील अवशेष व जुन्या विहिरी सापडल्या आणि त्यातील काही वस्तू स्थानकातच मांडल्या आहेत. मंगोलांपासून पळालेले सुंग घराण्याचे अखेरचे बालसम्राट तेराव्या शतकात या परिसरात आश्रयाला आले होते. स्थानकाचे नाव त्यांच्याच स्मृतीचे आहे.

प्रश्न : हाँगकाँगला व्हिसा लागत नाही, हे खरे का? आणि शाकाहारी माणसाची सोय होते का?
– एक गृहिणी, सक्करदरा, नागपूर

उत्तर : भारतीय पारपत्रधारकांना १४ दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय राहता येते, पण निघण्यापूर्वी ऑनलाइन आगमनपूर्व नोंदणी करून तिची छापील सूचनापावती जवळ ठेवावी लागते. मुलाबाळांकडे अधिक दिवस राहायचे असल्यास रीतसर व्हिसा काढावा. नागपूरहून थेट विमान नाही, मुंबई किंवा दिल्लीमार्गे जावे लागते; नोंदणी तिकीट काढण्याआधीच केलेली बरी.

जेवणाचे म्हणाल तर नान लिअन उद्यानातच धबधब्याच्या मागे शाकाहारी उपाहारगृह आहे. चिनी बौद्ध मठांच्या परंपरेत कांदा-लसूणही वर्ज्य मानतात, तेव्हा ते न खाणाऱ्यांनाही तिथे संकोच नको. इतरत्र मात्र नुसती भाजी मागवली तरी तिच्यावर बहुधा कालवांचे सॉस घालतात, म्हणून ते नको असल्याचे आधी सांगावे.