इंजिन बदललं, पण वायरिंगचे फोटो नाहीत. आता कुठली वायर कुठे जोडायची?

तुमच्या वॅगन-आरचं इंजिन उतरवताना मिस्त्रीने ना फोटो काढले, ना वायरींना खुणा केल्या, आणि आता कुठला कपलर (वायरींच्या टोकाचा प्लग) कुठे जातो हे कसं ओळखायचं, असा तुमचा प्रश्न आहे. कपलरची चिंता सगळ्यात कमी करा. बहुतेक कपलर दुसऱ्याच्या जागी बसतच नाहीत. शिवाय वर्षानुवर्षं एकाच जागी वळलेला हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, इंजिनावर नुसता पसरला तरी प्रत्येक फांदी आपल्या जागेकडे वळते. जी वायर ओढून ताणून पोहोचवावी लागते ती चुकीच्या जागी चाललीय. घोळ होतो तो सारख्या दिसणाऱ्या जोड्यांत. तापमानाचे दोन सेन्सर असतील तर मीटरच्या काट्याचा बहुधा एका वायरीचा असतो, ईसीयूचा, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा, दोन वायरींचा.

मिस्त्रीला विचारायचा खरा प्रश्न वेगळा आहे: इंजिनाची अर्थिंगची पट्टी (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी जाड वायर) कुठे लावली ते दाखव.

मी नाशिकच्या अंबडला एका कारखान्यात हार्नेसच्या विभागात बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे या पट्टीबद्दल कोणी हलकं बोललं की मला राहवत नाही. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं. रबरातून करंट जात नाही. सेल्फ मारताना शंभर अँपिअरच्या घरात करंट इंजिनात शिरतो आणि त्याला बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जावंच लागतं. पट्टी नसेल तर तो क्लच केबलमधून जातो, अॅक्सिलरेटरच्या केबलमधून जातो, जिथे धातू सापडेल तिथून जातो.

आमच्या दाजींच्या मारुती झेनचं हेच झालं. कसारा घाटात इंजिन तापून जाम झालं. कुर्ल्याहून जुनं इंजिन आणलं आणि नाशिकला द्वारकेपलीकडच्या एका गॅरेजमध्ये बसवलं. संध्याकाळी गाडी स्टार्ट झाली, दाजी खूश, पैसे देऊन मोकळे. पुढच्या काही दिवसांत क्लच जड व्हायला लागला. सेल्फ मारला की दिवे पार मंद. मग एका सकाळी क्लच केबलच्या वेष्टनातून धूर निघाला. गॅरेजवाला म्हणाला, केबल डुप्लिकेट होती. नवी टाकली, तीही जड झाली. दाजींनी मग नवी बॅटरी आणली. फरक शून्य.

मी मल्टिमीटर घेऊन गेलो. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनाच्या ब्लॉकवर, आणि ताईला सेल्फ मारायला सांगितलं. तिथे अर्ध्या व्होल्टाच्या आत आकडा यायला हवा. तीनच्या वर आला. जंपर केबलने ब्लॉक आणि निगेटिव्ह जोडून पुन्हा सेल्फ मारला, तर गाडीने पहिल्या फटक्यात उचललं. खाली वाकून पाहिलं तर पट्टीचं एक टोक गिअरबॉक्सजवळ मोकळं लोंबत होतं. ज्या बोल्टखाली ती लावायची, त्या जागेवर रंगाचा जाड थर. रंग खरवडून, धातू चमकेपर्यंत घासून पट्टी आवळली. त्यानंतर क्लच जड झाला नाही.

दाजी आजही चारचौघांत सांगतात की नव्या बॅटरीने गाडी सुधारली. नवी बॅटरी बसलेली असतानाच तो तीन व्होल्टांचा आकडा आला होता, दाजी. बॅटरी कितीही ताजी असली तरी परतीचा रस्ता बंद असेल तर ती काय करणार? आणि ‘स्टार्ट झाली म्हणजे काम झालं’ हे तुमचं वाक्य तर मला अजिबात मान्य नाही. धूर निघाला त्या सकाळीही ती स्टार्ट झालीच होती.

असो. पेट्रोलच्या पाइपबद्दल. रबरी पाइप नव्याच घ्या, जुन्या परत लावू नका. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. ते मऊ पडतं, नाहीतर तडकतं. एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनच्या, गाडीत रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीत) साधारण ३ बार दाब असतो, म्हणून कार्ब्युरेटरच्या गाडीची स्वस्त पाइप तिथे चालत नाही. दुकानात इंजेक्शनची पाइप म्हणून मागा. पेचाची साधी क्लिप जास्त आवळली की रबर कापते, गुळगुळीत कडांची घ्या. फिल्टरवरचा बाण इंजिनाकडे. रिटर्नची पाइप असेल तर ती आणि पुरवठ्याची पाइप आधी ओळखून घ्या, अंदाजाने लावू नका.

सगळं जोडून झाल्यावर, आणि सगळ्यात शेवटी, बॅटरीचा निगेटिव्ह लावा. लगेच सेल्फ मारू नका. चावी ऑन करून थांबा, पंप काही सेकंद वाजेल, बंद होईल. असं तीन-चार वेळा करा आणि प्रत्येक सांधा कोरड्या कागदाने पुसून बघा. थोडी जरी ओल दिसली तरी निगेटिव्ह काढा आणि सांधा पुन्हा करा. अग्निशामक सिलिंडर हाताशी हवा, बोनेट उघडं हवं. चावी ऑन असताना ऑइलचा लाल दिवा लागलाच पाहिजे. लागला नाही तर ऑइल स्विचची वायर किंवा बल्ब तपासा, नाहीतर ऑइलचा दाब गेला तरी कळणार नाही.

गॅरेजवाल्याला सांगा, ब्लॉक ते निगेटिव्ह आकडा माझ्यासमोर दाखव, मग पैसे. तो चिडेल. चिडू दे.

हे मी जुन्या पेट्रोल गाड्यांबद्दल लिहिलंय. डिझेलमध्ये लाइनमधली हवा काढावी लागते, तो वेगळा विषय. टेस्ट लॅम्प (करंट आहे का ते बघायचा बल्ब) ईसीयूच्या वायरींवर लावू नका, मल्टिमीटरच वापरा. सीएनजी किट असेल तर त्या लाइनला घरी हात लावू नका. आणि इंजिन नंबर बदललाय, म्हणजे पेठ रोडच्या आरटीओत आरसीवर नोंद करून घ्यावी लागेल. त्यासाठी इंजिनाचं बिल लागतं. जुनं इंजिन घेताना बिल घेतलं नसेल तर आजच विक्रेत्याला फोन करा.